वीतभर हात: कंपवातात आखडलेली बोटं मोकळी करण्याचे व्यायाम

कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सन्सचं निदान झालं की आठवड्याभरात घरात स्पंजचा बॉल येतो. कुणी ना कुणी आणून देतंच. आमच्याकडे आलेला पिवळा होता, त्यावर हसरा चेहरा काढलेला. आई टीव्हीसमोर बसून तो दाबायची आणि आम्ही खूश, की चला, व्यायाम होतोय. तीन महिन्यांनी फिजिओथेरपिस्टने तिचा हात हातात घेतला, बोटं सरळ करून पाहिली आणि विचारलं, "आजी, बॉल दाबता ते कळलं. सोडता कधी?"

प्रश्न आईला कळला नाही आणि मलाही नाही. संध्याकाळी नीट पाहिलं तेव्हा उलगडा झाला. मालिका संपेपर्यंत बॉल तिच्या मुठीत तसाच होता. ती दाबत होती, सोडत नव्हती.

कंपवातात हात आपोआप मिटण्याकडे झुकतो. कोपर वाकतं, मनगट अंगाकडे येतं, बोटं मुळाशी दुमडतात. अशा हाताला दिवसभर आवळायलाच लावलं तर ज्या बाजूला तो आधीच चालला आहे तिकडेच आपण त्याला ढकलतो. म्हणून खाली दिलेल्या जवळपास सगळ्या व्यायामांचा रोख हात उघडण्यावर, पसरण्यावर आणि सोडण्यावर आहे. मी डॉक्टर नाही, शुभंकर आहे. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात पेशंटला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला ते शब्द आवडतात, म्हणून इथेही तेच वापरते.

हात आखडतो म्हणजे काय होतं

मेंदूच्या तळाशी सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा भाग आहे. तिथल्या पेशी हालचालीला लागणारं डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. त्या कमी होत गेल्या की हालचालीचा हुकूम स्नायूपर्यंत जातो, पण मिळमिळीत होऊन. हाताच्या बाबतीत त्याचे तीन परिणाम दिसतात: ताठरपणा, मंदपणा आणि कंप. कंप लोकांना दिसतो, त्यामुळे चर्चा त्याचीच होते. बटण लावताना, भात कालवताना, रिक्षावाल्याला सुटे पैसे देताना अडवतात ते मात्र बहुधा पहिले दोघे. हे व्यायामही त्या दोघांसाठीच आहेत. कंप थांबेल या आशेने करू नका, निराशा होईल.

ताठरपणा नुसता बघून कळत नाही, हात हातात घ्यावा लागतो. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर निबंध लिहिला तो सहा जणांवरून, आणि त्यातले काही जण त्यांना रस्त्यातच दिसलेले. त्यांनी कंपाचं वर्णन बारकाईने केलं, पण ताठरपणा त्यांच्या निबंधातून निसटला. तो पुढे फ्रान्समध्ये न्यूरॉलॉजिस्ट शार्को यांनी ठळकपणे मांडला, आणि आजाराला पार्किन्सन यांचं नावही त्यांनीच सुचवलं. तुम्हीही घरी करून पाहा. शुभार्थीचा हात सैल सोडायला सांगा आणि मनगट हळू वरखाली करा. दातेरी चाक फिरवल्यासारखे बारीक अडथळे लागतील. आता त्यांना दुसऱ्या हाताची मूठ उघडझाप करायला सांगा. तुमच्या हातातलं मनगट आणखी घट्ट होईल. डॉक्टर तपासताना हीच युक्ती वापरतात. आपल्याला त्यातून शिकायचं ते एवढंच, की ताण द्यायचे व्यायाम करताना एका वेळी एकच हात घ्यायचा आणि दुसरा मांडीवर निवांत ठेवायचा.

मंदपणाची गंमत वेगळी आहे. हालचाल हळू तर होतेच, शिवाय प्रत्येक वेळी थोडी लहान होत जाते. अंगठा आणि तर्जनी दहा वेळा टेकवायला सांगितलं तर पहिली दोन-तीन टेकणी ठसठशीत होतात आणि सातव्या-आठव्याला बोटं जेमतेम उघडतात. अक्षरही असंच ओळीच्या शेवटी मुंगीएवढं होतं. करणाऱ्याला मात्र आपण पूर्ण हात उघडतोय असंच वाटत असतं. आई "उघडलाय की पूर्ण!" म्हणून माझ्यावर चिडायची. ती खोटं बोलत नव्हती, तिचा मेंदूच तिला चुकीचं माप सांगत होता. समोर आरसा ठेवला तेव्हा ते भांडण मिटलं.

सुरू करण्याआधी

प्रत्येक आखडणं कंपवाताचं नसतं. हाताची शक्ती अचानक गेली, चेहरा एका बाजूला ओढला गेला किंवा बोलणं अडखळलं तर व्यायाम बियाम काही नाही, १०८ ला फोन करून थेट हॉस्पिटल. सांधा सुजून गरम लागत असेल तर संधिवात असू शकतो. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबलेली असू शकते. एखादं बोट खटकन अडकून सुटत असेल तर ते दुखणंही वेगळं. या सगळ्यांत आधी डॉक्टरांना हात दाखवा. पूर्वी मनगट मोडलं असेल किंवा हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालेलं असेल, तर टेबलावर भार देण्याचे व्यायाम विचारूनच करा.

औषधांची यादीही एकदा तपासून घ्या. उलटी आणि मळमळीवर दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवर सर्रास दिली जाणारी प्रोक्लोरपेराझिन आणि सिनारिझिन, तसंच मानसिक आजारांवरची काही औषधं डोपामिनच्या कामात अडथळा आणतात आणि ताठरपणा वाढवू शकतात. आपल्याकडे चक्कर आली की शेजारी स्वतःच्या डब्यातली गोळी काढून देतात, तेव्हा हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. यादी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, स्वतःहून काही बंद करू नका. कंपवाताची गोळी तर एकदम कधीच थांबवायची नाही. त्याने तीव्र ताठरपणा आणि तापासारखी जीवघेणी स्थिती येऊ शकते. कंपवाताच्या गोळीतलं मुख्य औषध, लेव्होडोपा, खाजकुहिलीच्या बियांतही असतं हे खरं आहे, आणि म्हणूनच तिचं चूर्ण गोळीच्या जोडीला गुपचूप घेणं धोक्याचं आहे. एकाच औषधाचे दोन डोस होतात.

वेळ आणि जागा

व्यायाम गोळीचा असर चालू असताना करायचा. लेव्होडोपाची गोळी घेतल्यावर साधारण अर्ध्या ते एका तासात अंग मोकळं होतं. त्याला शुभार्थी 'ऑन' म्हणतात, असर उतरला की 'ऑफ'. ऑफमध्ये ओढूनताणून केलेल्या व्यायामात दुखणं जास्त आणि फायदा कमी. गोळी आणि भरपूर प्रथिनांचं जेवण एकत्र आलं तर गोळी नीट शोषली जात नाही, म्हणून बऱ्याच जणांना ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगतात. तुमची वेळ तुमचे डॉक्टर ठरवतील. ती ठरली की व्यायामाची वेळ तिला बांधून टाका. आमच्याकडे गोळी आठला आणि व्यायाम पावणेनऊला, म्हणजे पेपर आणि अंघोळ यांच्या मध्ये.

खुर्ची हातांची, न फिरणारी हवी. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले आणि समोर कोपराच्या उंचीचं टेबल. मऊ सोफ्यावर बसलं की पाठ वाकते, खांदे पुढे येतात आणि हात पोटाशी मिटतो. टीव्ही बंद ठेवायचा. कंपवातात लक्ष दुसरीकडे गेलं की हालचाल लगेच आकसते, त्यामुळे या वीस मिनिटांत गप्पाही नकोत. हे मला सर्वांत जड गेलं.

थंडीत आधी दहा मिनिटं हात कोमट पाण्यात बुडवून ठेवा. पाणी किती गरम आहे ते शुभंकराने कोपर घालून बघावं, विशेषतः शुभार्थीला मधुमेह असेल तर. बोटांना चटका जाणवत नसेल तर भाजल्यावरच कळतं.

पायरी १: खांदा

हाताचा लेख आणि सुरुवात खांद्यापासून, याचं कारण आहे. कंपवातात खांदा आखडणं फार सामान्य आहे. कित्येकांचं पहिलं लक्षणच तेच असतं, आणि वर्ष-दीड वर्ष 'फ्रोझन शोल्डर' म्हणून शेक घेण्यात जातं. खांदा जखडलेला असेल तर खालचा हात मोकळा होणार नाही.

खांदे कानांपर्यंत उचला आणि एकदम सोडून द्या, पाच वेळा. मग पुढून मागे मोठे गोल फिरवा, आठ वेळा. त्यानंतर दोन्ही हात बाजूंना पसरा, तळवे पुढे, बोटं फाकवलेली. दारात उभं राहून पाहुण्याला मिठीत घेताना हात जेवढे पसरतील तेवढे. पाच आकडे म्हणून हात खाली. असं पाच वेळा. या एका हालचालीत खांदा, कोपर, मनगट आणि बोटं चारही उघडतात. ज्या दिवशी बाकी काही करायचा कंटाळा येईल त्या दिवशी निदान एवढं तरी करावं.

पायरी २: मनगट आणि कोपरापुढचा हात

हात टेबलावर ठेवा, मनगट कडेच्या बाहेर, तळवा खाली. मनगट जेवढं वर जाईल तेवढं उचला, तीन आकडे धरा, मग खाली सोडा. दहा वेळा, आणि मग दुसरा हात.

आता लाटणं घ्या. मधोमध धरा, कोपर बरगडीला चिकटवा आणि लाटणं उभं करा. ते आधी उजवीकडे आडवं, मग डावीकडे आडवं. तळवा पूर्ण आकाशाकडे आणि पूर्ण जमिनीकडे गेला पाहिजे. किल्ली फिरवायला, दाराचा गोल मुठा फिरवायला, चमचा तोंडाशी न्यायला हीच हालचाल लागते आणि कंपवातात ती लवकर आकसते. हुशार शुभार्थी अख्खा खांदा वळवून फसवतात. कोपरात दुमडलेला नॅपकिन धरायला सांगा. तो पडला की चोरी पकडली!

शेवटी नमस्कार. तळवे छातीशी जोडा, कोपरं बाहेर. तळव्यांचे मनगटाजवळचे भाग सुटू न देता हात हळूहळू पोटाकडे उतरवा. मनगटाच्या आतल्या बाजूला ताण जाणवला की थांबा, वीस ते तीस सेकंद. ताण जाणवावा, दुखू नये. नुसत्या जोडलेल्या हातांत बहुतेकांचे तळवे टेकतात आणि बोटांची मधली पेरं फुगलेली राहतात. ती एकमेकांवर दाबून सपाट करणं हाच या नमस्काराचा गाभा. एका वेळी एक हात हा मघाचा नियम इथे अर्थातच मोडतो. पण इथे, आणि पुढच्या पायरीतही, दुसरा हातच आधाराला असतो, म्हणून चालतं.

पायरी ३: तळवा पसरणं

हात टेबलावर पालथा ठेवा. दुसऱ्या हाताने त्याचा चवडा वरून हळूहळू चेपून सपाट करा, आधी तळवा, मग बोटांची मुळं, मग पेरं, शेवटी टोकं. कंपवाताच्या हातात बोटं बहुधा मुळाशी दुमडतात आणि मधल्या सांध्यात ताठ सरळ राहतात. वरवर पाहणाऱ्याला वाटतं, बोटं तर सरळ आहेत! खरी गाठ मुळाशी असते, म्हणून दाब बोटांच्या टोकावर द्यायचा नाही, मुळावर द्यायचा. वीस सेकंद, तीन वेळा. झटका देऊन कधीच नाही.

तळवा सपाट असतानाच बोटं एकमेकांपासून लांब करा, पंखा उघडल्यासारखी. तीन आकडे धरा, मिटा. दहा वेळा. मग एकेक बोट टेबलावरून उचला, बाकीची टेकलेली राहू द्या. अनामिका सगळ्यांचीच हट्टी असते. तिच्यावरून आजाराचा अंदाज बांधू नका.

पायरी ४: उघड, मोठं उघड

इथे सर्वाधिक वेळ द्या. हात छातीशी, मूठ सैल मिटलेली. आता हात पुढे फेकत बोटं झाडून उघडा, जसं हात धुतल्यावर पंचा सापडला नाही की पाणी झटकतो. बोटांच्या फटीतून पलीकडचं दिसलं पाहिजे. एक आकडा थांबा, परत छातीशी. आठ वेळा, मग विसावा.

आठच का? कारण हालचाल आकसत जाते. वीस एकदम केल्या तर शेवटच्या बारा लहान होतात आणि हात त्या लहान हालचालीलाच सरावतो. आठांचे तीन गट करा, मध्ये अर्धा मिनिट थांबा, आणि प्रत्येक गटाची पहिली हालचाल मुद्दाम अवास्तव मोठी करा. अमेरिकेत 'एलएसव्हीटी बिग' नावाची उपचारपद्धत याच तत्त्वावर उभी आहे. आठवड्यातून चार दिवस, रोज एक तास, असे चार आठवडे, आणि प्रत्येक हालचाल मोठी. आपल्याला नाटकी वाटेल एवढी मोठी केली की बघणाऱ्याला ती जेमतेम नेहमीसारखी दिसते. त्यासाठी प्रशिक्षित थेरपिस्ट लागतो, पण 'मोठं कर' हा मंत्र घरी वापरायला हरकत नाही.

आकडे शुभार्थीने स्वतः मोठ्याने म्हणायचे. कंपवातात आतून येणारी लय बिघडते, बाहेरची लय मात्र हात पकडतो. आई आकडे म्हणायला कंटाळली तेव्हा तिने आरती सुरू केली. आरतीच्या टाळीत ठोक्याला हात जुळतात आणि दोन ठोक्यांच्या मध्ये उघडतात. आम्ही तिला फक्त एकच बदल सांगितला: दोन टाळ्यांच्या मध्ये हात खांद्याएवढे लांब न्यायचे आणि बोटं फाकवायची. तबल्याची आवड असेल तर फोनवर केरवा लावा. आठ मात्रांचं एक आवर्तन म्हणजे आठ हालचालींचा एक गट.

पायरी ५: बोटांची बारीक कामं

१. टिचकी. तर्जनी अंगठ्यामागे अडकवा आणि सोडा. मग मधलं बोट, अनामिका, करंगळी. टेबलावर कागदाचा बोळा ठेवून तो उडवा. बोट उघडणारे स्नायू वेगाने वापरायला लावणारा याहून सोपा व्यायाम मला माहीत नाही. घरात कॅरम असेल तर फारच उत्तम, स्ट्रायकर मारणं म्हणजे टिचकीच.

२. अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला टेकवा. दोन टेकण्यांच्या मध्ये हात पूर्ण उघडायचा. ही मधली उघडण विसरली की पुन्हा पिवळ्या बॉलची गोष्ट.

३. पाच आकार: बोटं सरळ, मुळाशी सरळ ठेवून पुढची पेरं वाकवून आकडा, पूर्ण मूठ, मुळाशी काटकोन आणि बाकी बोटं सरळ, म्हणजे छप्पर, शेवटी टोकं तळव्याला लागलेली आणि शेवटची पेरं सरळ असलेली चपटी मूठ. प्रत्येक आकारानंतर परत सरळ. पाच फेऱ्या. चपटी मूठ पहिल्या आठवड्यात जमली नाही तर सोडून द्या.

४. रबरबँड. पाचही बोटांच्या टोकांभोवती रुंद, सैल रबरबँड अडकवा आणि बोटं बाहेर उघडा. दुधाच्या पिशवीला लावतो तो बारीक नको, कातडीत रुततो. दहा वेळा, दिवसाआड. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर व्रण येतो का बघा.

आणि बॉल? फेकून देऊ नका. दोन आकडे दाबा, मग हात उघडून बॉल समोरच्या टोपलीत पडू द्या. बॉल सुटला नाही तर ते एक मोजायचं नाही.

स्वयंपाकघर, वही आणि नाडी

व्यायाम म्हणून व्यायाम फार दिवस टिकत नाही. आपल्या घरात हात उघडणारी कामं भरपूर आहेत, फक्त ती शुभार्थीकडून काढून घेतलेली असतात. काळजीपोटी आम्ही आईच्या हातचं सगळं काढून घेतलं होतं.

भाकरी थापणं घ्या. बोटं सरळ, तळवा सपाट, ठेका ठरलेला आणि भाकरी गोल फिरवत नेण्याची जोड. एखाद्या थेरपिस्टने बसून आखावा असा व्यायाम. परात टेबलावर ठेवा, थापायचं काम शुभार्थीचं, तव्याजवळचं दुसऱ्याचं. भाकरी तुटली तर थालीपीठ करा, त्यालाही हात लागतोच. कणीक मळताना तळव्याच्या मनगटाजवळच्या भागाने पुढे रेटायचं, मुठीने चेंबायचं नाही. वाती वळताना दोन्ही तळवे सपाट घासले जातात, ते चांगलं. फुलवातीत चिमटीचं काम, तेही चांगलं, पण पाच-सहा झाल्या की मध्ये हात झटकून उघडायचा. स्वयंपाकघरात कधी पाऊल न ठेवलेल्यांसाठी पत्ते पिसणं आणि वाटणं, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणं आणि काढणं, एकदोनपाचाची नाणी मुठीत घेऊन एकेक चिमटीत आणून डब्यात टाकणं.

लिहिण्यासाठी लहान मुलांची दुरेघी वही आणा. लिहिण्याआधी पायरी चारमधली उघड आठ वेळा. मग दोन रेघांना टेकेल एवढं मोठं अक्षर, पाच-सहा शब्द झाले की पेन खाली, हात उघडा, पुन्हा. पेन जाड असावं. जाड मिळालं नाही तर नेहमीच्या पेनला कापडी पट्टी गुंडाळा. आईची सही जुळली नाही म्हणून एका बँकेने चेक परत पाठवला, तेव्हा तिला झालेलं दुःख मला अजून आठवतं. तिने चौकटी आखून महिनाभर सही गिरवली, आणि तरीही शेवटी बँकेत जाऊन नव्या सहीचा नमुना द्यावा लागला. तो आधीच दिला असता तर बरं झालं असतं, एवढंच सांगते.

बटणं आणि नाडी यांच्याशी ऑफमध्ये झुंजू नका. पायजम्याला इलॅस्टिक, ब्लाउजला पुढून चिकटपट्टी, साडीच्या निऱ्या आधीच शिवलेल्या. बटणांचा सराव जुन्या शर्टावर, टेबलावर पसरून, निवांत वेळी. लग्नाला निघताना नाही.

मूठ उघडतच नसेल तेव्हा

सकाळी पहिल्या गोळीआधी बोटं वळून घट्ट बसणं, कधी दुखणंही, अनेकांना होतं. हे डॉक्टरांना जरूर सांगा. गोळीची वेळ किंवा प्रकार बदलून ते पुष्कळदा कमी होतं, आणि काहींना स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनाचा उपयोग होतो.

तोवर शुभंकरासाठी एक युक्ती. बोटं धरून ओढू नका. आधी मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवा. मनगट वाकलं की बोटं आवळणाऱ्या दोऱ्या सैल पडतात आणि मूठ आपोआप थोडी सुटते. मग अंगठा बुडाशी धरून बाहेर काढा, मग करंगळीच्या बाजूने एकेक बोट मुळापासून उघडा. बोटं सरळ झाली की ती तशीच धरून मनगट हळूहळू वर आणा. अर्धा मिनिट थांबा. शुभार्थीला श्वास रोखू देऊ नका. ज्यांचा हात बराच वेळ मिटलेला राहतो त्यांची नखं कापलेली हवीत, तळवा रोज धुऊन कोरडा करायला हवा, आणि मुठीत जुन्या सुती साडीची मऊ गुंडाळी ठेवली तर कातडी ओली राहून चिघळत नाही.

किती आणि केव्हापर्यंत

सकाळी वीस मिनिटांत पायऱ्या एक ते चार आणि पाचव्यातले दोन प्रकार. दुपारच्या गोळीनंतर दहा मिनिटं, फक्त उघडण्याचे. शिवाय दिवसात कधीही, चहाचा कप हातात घेण्याआधी एकदा हात मोठा उघडायचा. व्यायामानंतर थोडं शिणल्यासारखं वाटणं ठीक, पण दुखणं दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिलं तर निम्मं करा. आजार थांबत नाही, आणि पंधरा दिवस सुट्टी घेतली की हात ती सुट्टी वसूल करतो. आमच्याकडे दर दिवाळीत होतं हे.

आता मापाचं. 'आज बरं वाटतंय' यावर भरवसा ठेवता येत नाही, कारण मेंदूचं माप चुकतं हे वर आलंच आहे. घरचं साधं माप म्हणजे वीत. महिन्याच्या पहिल्या तारखेला, गोळी घेतल्यावर तासाभराने, हात कागदावर पालथा ठेवून जेवढा पसरेल तेवढा पसरायचा. शुभंकराने अंगठ्याच्या आणि करंगळीच्या टोकाशी पेन्सिलीने खुणा करायच्या, पट्टीने मोजायचं आणि कॅलेंडरवर लिहायचं. डावा-उजवा वेगळा. बहुतेकांची एक बाजू जास्त आखडलेली असते. वीत सलग दोन-तीन महिने कमी होत गेली तर पुढच्या भेटीत तो आकडा डॉक्टरांना दाखवा. आईच्या उजव्या हाताची वीत सुरुवातीला साडेचौदा सेंटिमीटर होती. या महिन्यात सोळा आली, गेल्या महिन्यात सव्वासोळा होती. तिने कॅलेंडरवरचा आकडा पाहिला आणि पट्टी पुन्हा लावायला लावली.